मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस: छोट्या ऑफिसच्या डेटाबेसला सुरक्षा किती मिळते?

पाच-सहा जणांच्या ऑफिसात सभासदांची यादी, वसुली, पगार सगळं एकाच ॲक्सेस फाइलमध्ये असतं आणि कधीतरी मागणी येतेच: 'क्लार्कला पगाराचं टेबल दिसायला नको.' मागणी साधी आहे, पण आजचं ॲक्सेस ती थेट पुरी करत नाही. युजर, ग्रुप आणि टेबलागणिक परवानग्या जुन्या एमडीबी फाइलींमध्ये होत्या. ॲक्सेस 2007 बरोबर एसीसीडीबी फॉरमॅट आला, त्यात ही सोय ठेवलीच नाही. फार हळहळू नका. अनेक ठिकाणी 'ॲडमिन' हा मूळ युजरच फाइलचा मालक राहायचा. तो प्रत्येक ॲक्सेसमध्ये एकच असल्यामुळे दुसऱ्या मशीनवर तीच फाइल बिनबोभाट उघडायची.

आता हातात उरतं ते विंडोजच्या फोल्डरची परवानगी आणि फाइलचा पासवर्ड. आधी डेटाबेस दोन भागांत तोडा: डेटाबेस टूल्समध्ये 'ॲक्सेस डेटाबेस' हे बटण. टेबलं बॅक-एंड फाइलमध्ये जातात, फॉर्म आणि रिपोर्ट फ्रंट-एंडमध्ये. फ्रंट-एंडची प्रत प्रत्येकाच्या मशीनवर, बॅक-एंड सामायिक फोल्डरमध्ये.

त्या फोल्डरवरून 'एव्हरीवन' काढून फक्त लागणाऱ्या युजरांना शेअरवर 'चेंज' आणि सिक्युरिटी टॅबमध्ये 'मॉडिफाय' द्या. दोन्हींपैकी जी परवानगी कडक, तीच लागू होते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'डिलीट' काढून घेणं. बॅक-एंड उघडताच शेजारी एलएसीसीडीबी ही लॉक फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसली जाते. डिलीट नसेल तर ती तशीच पडून राहते. फोल्डरमध्ये फाइल तयार करण्याचाच हक्क नसेल तर एकत्र काम करणंच अडतं.

पगाराचा प्रश्नही इथेच सुटतो. पगाराची टेबलं वेगळ्या बॅक-एंडमध्ये, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरची परवानगी फक्त अकाउंटंटला द्या. किंमत एवढीच की दोन फाइलींमधल्या टेबलांत रेफरन्शियल इंटिग्रिटी (दोन टेबलांतल्या नोंदींचा मेळ ॲक्सेसनेच राखण्याचा नियम) लावता येत नाही. कर्मचाऱ्याची नोंद उडवली तर त्याच्या पगाराच्या ओळी अनाथ राहतील, ती तपासणी फॉर्ममध्येच लिहावी लागते.

पासवर्डसाठी फाइल 'ओपन एक्सक्लुझिव्ह'नेच, म्हणजे दुसऱ्या कोणाला उघडता येणार नाही अशी, उघडावी लागते. मग फाइल, इन्फो, 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. 2007 चं एन्क्रिप्शन कमकुवत होतं, 2010 पासून बरंच सुधारलं. पासवर्ड लावताना रो लेव्हल लॉकिंग दुर्लक्षित होईल असा संदेश येतो आणि बहुतेक जण न वाचता ओके दाबतात. त्याचा अर्थ असा की कुलूप एका रेकॉर्डऐवजी 4 केबीच्या अख्ख्या पानावर पडतं. मग एक जण पावती क्रमांक 212 दुरुस्त करत असताना दुसऱ्याला 213 अडते, आणि दोष नेटवर्कला दिला जातो.

बॅक-एंडला पासवर्ड लावला की फ्रंट-एंडला बॅक-एंडच्या टेबलांशी जोडणारे जुने लिंक चालत नाहीत, 'नॉट अ व्हॅलिड पासवर्ड' येतं. लिंक काढून नव्याने जोडा. पासवर्ड 20 अक्षरांच्या आत आणि चित्रविचित्र चिन्हांशिवाय ठेवलेला बरा. आणि खरी मेख ही: लिंक करताना दिलेला पासवर्ड फ्रंट-एंडच्या सिस्टिम टेबलात उघड्या अक्षरांत साठतो. म्हणून फ्रंट-एंडही एन्क्रिप्ट करा.

फ्रंट-एंड एसीसीडीई (कुलूपबंद प्रत) करून वाटा. त्यातून व्हीबीए कोड (ॲक्सेसमधला प्रोग्राम) वाचता येत नाही, फॉर्मचं डिझाइन बदलता येत नाही. टेबलं आणि क्वेरी मात्र उघड्याच. मूळ एसीसीडीबी जपून ठेवा, उलटा प्रवास नाही. 64-बिटवर बनवलेली एसीसीडीई 32-बिट ऑफिसवर चालत नाही, हेही आधीच पाहा. नेव्हिगेशन पेन (डावीकडची टेबलं-फॉर्मची यादी) आणि 'स्पेशल कीज' (ती यादी किंवा कोड उघडणाऱ्या खास कळा) बंद केल्या तरी शिफ्ट दाबून फाइल उघडली की सगळं पुन्हा समोर येतं. त्यासाठी कोडमधून 'अलाउ बायपास की' ही प्रॉपर्टी 'फॉल्स' करावी लागते.

लॉगिनचा फॉर्म बनवणार असाल तर विंडोजचं युजरनेम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून घेऊ नका, कमांड प्रॉम्प्टमध्ये एका ओळीत ते बदलता येतं. विंडोज एपीआयमधलं (विंडोजच्या स्वतःच्या फंक्शन्समधलं) 'गेट युजर नेम' वापरा. तरीही हा फॉर्म प्रामाणिक माणसाची चूक टाळतो, चोराला अडवत नाही. ज्याला बॅक-एंडमध्ये लिहायचंय त्याला ती फाइल पेन ड्राइव्हवर कॉपीही करता येते, आणि यावर ॲक्सेसकडे उत्तर नाही.

सभासदांचे आधार क्रमांक किंवा ठेवींचा हिशेब असेल तर टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्याच डेटाबेस सर्व्हरवर हलवा, फॉर्म ॲक्सेसमध्येच राहू द्या. ते फुकट आहे, 2022 च्या आवृत्तीत एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे (ॲक्सेसची 2 जीबी), आणि टेबलागणिक परवानग्या तिथे खऱ्या अर्थाने मिळतात. हलवताना प्रत्येक 'येस/नो' फील्डला डीफॉल्ट 0 द्या, जुन्या रिकाम्या जागाही 0 ने भरा आणि टेबलात एक रो-व्हर्जन कॉलम (ओळ बदलली की आपोआप बदलणारा) जोडा. नाहीतर एकट्याने काम करतानाही 'राइट कॉन्फ्लिक्ट'ची (दुसऱ्या कोणी नोंद बदलली, अशी) खिडकी येत राहील.