बुकमार्क कुठे ठेवायचे: ब्राउझरचं सिंक, रेनड्रॉप, फ्लोकस की स्वतःचा सर्व्हर?

रिकामं वाटलं म्हणून मी एकदा फोनवरून बुकमार्कचं एक फोल्डर पुसलं. आत अजून एक फोल्डर होतं आणि त्यात तीन-चार वर्षं जमवलेल्या लिंका. रात्री लॅपटॉप उघडला तर तिथूनही सगळं साफ. सिंकने, म्हणजे सगळ्या यंत्रांवरचे बुकमार्क एकसारखे ठेवणाऱ्या सोयीने, आपलं काम चोख केलं होतं. एका यंत्रावरची चूकही ते तितक्याच तत्परतेने दुसरीकडे पोचवतं, त्यामुळे ‘माझं सिंक चालू आहे’ म्हणजे ‘माझा बॅकअप आहे’ असं होत नाही. खालचे पर्याय मी मुख्यतः याच कसोटीवर तोलले आहेत.

ब्राउझरच्या अंगच्या सोयीपासून सुरुवात करू, कारण ती फुकट आहे आणि बहुतेकांकडे आधीपासून चालू असते. इथे फायरफॉक्स क्रोमपेक्षा मला बराच उजवा वाटतो. संगणकावरचं फायरफॉक्स बुकमार्कच्या तारीखवार प्रती स्वतःहून काढून ठेवतं आणि बुकमार्क मॅनेजरमधून हवी ती तारीख निवडून मागे जाता येतं. क्रोमच्या प्रोफाइल फोल्डरात ‘बुकमार्क्स’ नावाची फाइल आणि तिची एकच ‘बॅक’ प्रत असते. चूक लक्षात येईपर्यंत ती प्रतही नव्याने लिहिली गेलेली असण्याची शक्यता दाट. फायरफॉक्सचं सिंक मुळातच एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे कंपनीलाही तुमचे बुकमार्क वाचता येत नाहीत, क्रोममध्ये त्यासाठी वेगळा पासफ्रेज (लांब पासवर्ड) लावावा लागतो. फायरफॉक्समध्ये टॅग (लिंकला चिकटवायची विषयांची लेबलं) आहेत, क्रोममध्ये नाहीत. मात्र रोज दोन वेगळे ब्राउझर वापरत असाल, तर एकाचं सिंक दुसऱ्याच्या उपयोगाचं नाही.

रेनड्रॉपसारखं ऑनलाइन साधन इथे कामाला येतं. फुकटच्या खात्यातही हव्या तितक्या लिंका ठेवता येतात, कलेक्शन (फोल्डरसारखे गट) आणि टॅग दोन्ही मिळतात, आणि कुठल्याही ब्राउझरमधून सगळं सारखंच दिसतं. मेलेल्या लिंका हुडकणं, पानाची कायमची प्रत आणि पानांच्या आतल्या मजकुरात शोध या गोष्टी पैसे भरणाऱ्यांसाठी आहेत. नवख्यांचा गोंधळ एका गोष्टीत होतो: हे ब्राउझरच्या बुकमार्क पट्टीशी जोडलेलं नसतं. आयात केली की प्रत तिकडे जाते, त्यानंतर तुम्ही ब्राउझरमधला तारा दाबून ठेवलेलं काही तिकडे पोचत नाही. दोन महिन्यांनी अर्धे बुकमार्क इथे, अर्धे तिथे. हे साधन घ्यायचं तर तारा दाबायची सवय सोडावी लागते. पिनबोर्ड या तशाच दुसऱ्या ऑनलाइन साधनाचीही हीच अट. ते सशुल्क आहे, दिसायला रुक्ष आहे, फोल्डर नाहीत, नुसते टॅग. ज्यांना तसंच आवडतं ते लोक पिनबोर्ड सोडत नाहीत.

सवय सुटणार नसेल तर फ्लोकस बघा. हे एक्स्टेन्शन ब्राउझरचे मूळ बुकमार्कच उचलतं आणि तुमच्या गूगल ड्राइव्हवर, वेबडॅव्हवर (सर्व्हरवर फाइली ठेवायची एक पद्धत) किंवा नेक्स्टक्लाउडवर (स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं ड्राइव्हसारखं साधन) ठेवतं. क्रोम आणि फायरफॉक्स यांची पट्टी एकसारखी राहते, शिकण्यासारखं नवीन जवळजवळ काही नाही. पण हेही शेवटी सिंकच. एकदम बरेच बुकमार्क पुसले जाणार असतील तर ते थांबतं, तेवढा एक आधार.

स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांना लिंकडिंग हे बुकमार्क ठेवायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे: डॉकरमध्ये चढवायचं, सगळा डेटा एका एसक्यूलाइट फाइलमध्ये. डॉकर हा शब्द इथे पहिल्यांदा वाचला असेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नव्हता.

कोणतंही ऑनलाइन साधन निवडण्याआधी त्याचं निर्यातीचं, म्हणजे सगळे बुकमार्क एका फाइलमध्ये बाहेर काढायचं, बटण शोधा. अशी साधनं बंद पडतात. बुकमार्क सिंक करणारं एक्समार्क्स 2018 मध्ये बंद झालं, गूगल बुकमार्क्स 2021 मध्ये, आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं, लेख नंतर वाचायला ठेवायचं पॉकेट 2025 मध्ये. एके काळी सगळ्यांच्या तोंडी असलेलं डिलिशस हे ऑनलाइन बुकमार्कचं साधन हात बदलत बदलत 2017 मध्ये पिनबोर्डच्या मालकाकडे आलं आणि फक्त वाचण्यापुरतं उरलं. सुदैवाने निर्यातीच्या एचटीएमएल फाइलचा साचा नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासून चालत आलेला आहे आणि जवळपास सगळीच साधनं तो ओळखतात. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा: प्रत्येक लिंकशेजारी दहा आकडी संख्या दिसेल. 1 जानेवारी 1970 पासून ती लिंक ठेवेपर्यंत गेलेले ते सेकंद. म्हणजे तारखाही सोबत येतात.

पानाची प्रत ठेवणाऱ्या साधनाला पैसे द्यावेत का, हा वेगळा हिशेब. प्यू रिसर्च सेंटरच्या 2024 च्या अहवालानुसार 2013 मध्ये असलेल्या पानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. संदर्भासाठी लिंका जमवणाऱ्याला नुसता पत्ता जपून फारसा फायदा नाही, त्याने पैसे द्यावेत. रोजच्या वीस-तीस साइटी ठेवणाऱ्याने ते वाचवावेत.

मी स्वतः फायरफॉक्सचं सिंक आणि महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर एचटीएमएल फाइल, एवढ्यावर भागवतो. वाचनाच्या लिंका तेवढ्या रेनड्रॉपमध्ये. दोन-तीन ब्राउझर लागत असते तर फ्लोकस घेतलं असतं, पण ती महिन्याची फाइल तरीही काढलीच असती. परत भरताना मात्र जपून. फायरफॉक्समध्ये जेसन प्रत (वर सांगितलेल्या तारीखवार प्रती याच साच्यात असतात) ‘रिस्टोअर’ केली की आत्ताचे सगळे बुकमार्क पुसून जुने येतात. एचटीएमएल ‘इम्पोर्ट’ केली तर जुने आहेत तसे राहून त्यात भर पडते, आणि तीच फाइल दोनदा भरली तर प्रत्येक लिंक दोनदा दिसते.