अर्धवट कादंबरीकडे परतताना: रोजची पहाट, आठवड्याची एक सकाळ की क्रमशः?

माझी कादंबरी बावीस हजार शब्दांवर चार वर्षं पडून होती. आधी मुलीची दहावी, मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग लॅबमधली वाढलेली ड्युटी. गेल्या देवदिवाळीनंतर फाइल उघडली, तर नायिकेच्या घराचा जिना बाहेरून आहे की आतून, हेच मला आठवेना. तेव्हापासून वर्षभरात मी तीन पद्धतींनी लिहून पाहिलं. तुमचंही बाड असंच कपाटात असेल आणि पुन्हा सुरुवात कशी करावी ते ठरत नसेल, तर हा अनुभव कामी येईल.

सुरुवातीला मी दिवसाचे शब्द मोजत होते. त्यावरून पद्धत निवडणं चुकीचं आहे, असं आता वाटतं. मोजायचं ते हे, की बसल्यापासून कादंबरीत शिरायला किती वेळ लागतो. संसारातल्या माणसाचा वेळ लिहिण्यापेक्षा त्या शिरण्यातच जास्त जातो.

आधी रोजची पहाट. बडोद्यातल्या आमच्या दांडियाबाजारच्या घरात सहाला पाणी येतं, त्यामुळे माझ्या वाट्याला पाच ते पावणेसहा. एवढ्या वेळात अडीचशे-तीनशे शब्द होतात. मात्र शिरायला पाच मिनिटं पुरतात, कारण कालचा प्रसंग पोळ्या लाटताना, बसच्या रांगेत, दिवसभर डोक्यात चालूच असतो. हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण. लिहिणं थांबवताना प्रसंग संपवू नका, पुढचं वाक्य ठाऊक असतानाच उठा. दुसऱ्या दिवशी हात आपोआप चालतो.

इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरी करून डझनावारी कादंबऱ्या लिहिणारा अँथनी ट्रॉलप पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा. समोर घड्याळ, दर पाव तासाला 250 शब्द, असे तीन तास. त्याच्या वेगाचं कौतुक नेहमी होतं, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: त्यातला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवत असे. त्याला उठवायला आणि कॉफी द्यायला एक म्हातारा नोकर होता, त्यासाठी त्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. आपल्याकडे पाऊणच तास असला तर वाचनाला अर्धा तास परवडत नाही. मी फक्त शेवटचा परिच्छेद वाचते आणि सुरू करते.

फोनचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. त्या साडेचारलाच उठतात. "आई, हा पावणेसहापर्यंत तुमच्याकडे ठेवा," म्हटलं, तर म्हणाल्या, "ठेव उशीखाली. कुणाचा आलाच तर मी बोलीन. तू लिही गं." घरात असं एक माणूस पाठीशी असेल तर पहाट जमते. नसेल तर फोन दुसऱ्या खोलीत बंद करून ठेवावा, शेजारी उलटा ठेवून भागत नाही.

उणीव अशी की पाऊण तासात आख्खी कादंबरी डोळ्यांपुढे येत नाही. चौथं प्रकरण आधी घ्यावं की सहावं, असले निर्णय पहाटे होत नाहीत. आणि नवरात्रात बडोद्यात रात्री एकला गरब्याहून परतून पाचला उठणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. ते नऊ दिवस खुशाल सोडा.

आठवड्याची एक सकाळ ही दुसरी पद्धत. माझी सुटी मंगळवारी असते. मी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसत होते. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून उभी केलेली ही संस्था. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. आपण मराठी माणसं आल्यागेल्याला ती कौतुकानं दाखवतो, पण तिथे तीन तास सलग बसून काम केलं की त्या वास्तूचा खरा उपयोग कळतो. भोवती स्पर्धा परीक्षांची मुलं मान खाली घालून बसलेली असतात, आपणही बसतो. घरी तीन तासांत निदान दहा वेळा उठावं लागतं. जाण्याआधी तुमच्या सुटीचा आणि ग्रंथालयाच्या सुटीचा वार एकच नाही ना, तेवढं पाहा.

पण मध्ये सहा दिवस गेलेले असतात. शिरायलाच पाऊण तास जातो आणि उरलेल्या वेळात माझे अकराशे शब्द होत. एक मंगळवार लग्नात किंवा दवाखान्यात गेला की पुढच्या वेळी पुन्हा अनोळखी घरात आल्यासारखं वाटतं. साठ हजारांचं पुस्तक धरलं तर माझे अडतीस हजार बाकी होते. आठवड्याला पाच पहाटा झाल्या, तर ते सत्तावीस आठवड्यांचं काम. मंगळवारांनी पस्तीस लागतील, तेही एकही न चुकता, आणि ते कधीच होत नाही.

तरीही परतीचे पहिले दोन-तीन मंगळवार मी कुणालाही घ्यायला सांगेन. जुनं बाड छापून घ्या (माझी अठ्ठ्याऐंशी पानं झाली), पेन्सिल घेऊन बसा आणि वाचत जा. माणसांची नावं, वयं, घराचा नकाशा वहीत उतरवा. वाक्यं सुधारायला लागू नका, तो मोह आवरा. चार वर्षांत आपली भाषा बदललेली असते आणि पहिल्या पानापासून पॉलिश करत बसलं की तिसऱ्या प्रकरणाशी पुन्हा सगळं अडतं.

तिसरी पद्धत क्रमशः लिहिण्याची. हरि नारायण आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातून आठवड्याला हप्ता देत कादंबऱ्या लिहिल्या. आज प्रतिलिपीसारख्या ॲपवर तेच कुणालाही करता येतं. वाचक वाट पाहताहेत या जाणिवेची ओढ जबरदस्त असते, पावसाळ्यात सहा आठवडे मी ती अनुभवली. पण परतणाऱ्याला नेमकी सुरुवातच बदलायची असते. मला तिसऱ्या प्रकरणातला काका काढून टाकायचा होता आणि तो लोकांपर्यंत पोचलेला होता. दहा प्रकरणं पक्की हातात असल्याशिवाय या वाटेनं जाऊ नये.

नोव्हेंबरात तीस दिवसांत पन्नास हजार शब्द लिहिण्याची एक पद्धतही 1999 पासून जगभर पसरली. रोजचे 1,667 शब्द. ती चालवणारी संस्था 2025 मध्ये बंद झाली. आपला नोव्हेंबर अनेकदा दिवाळीचा असतो. फराळ, पाहुणे आणि सोळाशे शब्द एकत्र बसत नाहीत, नव्या लिहिणाऱ्यानं त्या फंदात पडूच नये. त्यापेक्षा देवदिवाळी ते उत्तरायण, म्हणजे संक्रांत, हे दोन महिने धरा. या काळात मोठा सण नाही, पहाट थंड असते, शेजारीपाजारीही उशिरा उठतात.

शिफ्टची नोकरी असेल आणि पहाट कधीच आपली नसेल, तर आठवड्याची सकाळच धरा, पण मध्ये एकदा, गुरुवारी-शुक्रवारी, दहा मिनिटं नुसतं वाचा. माझा पाऊण तासाचा शिरण्याचा वेळ तेवढ्यानं निम्म्यावर आला होता. कमाटीबागेत चालताना फोनवर बोलून लिहिण्याचाही प्रयोग केला. संवाद छान उतरतात, वर्णन अगदी सपाट होतं, आणि विरामचिन्हं सगळी नंतर घालावी लागतात.

बाकी सर्वांसाठी माझा कौल आधी दोन मंगळवार, मग पहाट. जिना बाहेरूनच होता. पहिल्याच मंगळवारी चौदाव्या पानावर सापडला.