बाळंतिणीच्या मालिशचं 40 दिवसांचं पॅकेज, माझा अनुभव

सहा वर्षं, दोन फेल गेलेली आयव्हीएफ आणि तिसऱ्यांदा राहिलेलं हे बाळ, त्यामुळं घरात बाळंतपण म्हणजे लग्नघरच झालेलं. डिंक, अळीव, बाळंतशोपा सगळं आईनं कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरनं आणून ठेवलं, पण ओळखीतली मालिशवाली मोकळी नव्हती म्हणून एका एजन्सीकडनं पॅकेज घेतलं. नाव इथं टाकत नाही. आई-बाळ दोघांची मालिश, अंघोळ, शेक, रोजचे 700 म्हणजे 28 हजार, निम्मे आधी.

पैसे जाईपर्यंत फोनवर लई गोड. पहिली बाई चार दिवस आली, बंद खोलीत धुरी पाहिजेच म्हणायची, बाळाच्या नाका-कानात तेल सोडायला निघालेली, डॉक्टर नको म्हणालेत सांगितलं तर फुगून बसली. मग यायचीच बंद झाली. "उद्या पाठवतो मॅडम" करत तीन दिवस गेले, त्याचे पैसे अजून वळते केलेले नाहीत.

नंतर बावड्याहनं दुसऱ्या मावशी आल्या. तेल आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायच्या, मग मला. सिझेरियन म्हणून पोटाला हातच लावला नाही, डॉक्टर हो म्हटल्यावर बघू म्हणाल्या. काशाच्या वाटीनं तळपाय घासायला लागल्या की मी तिथंच झोपायची, आणि तेवढीच काय ती झोप, कारण रात्री बाळ झोपलं तरी मी टक्क जागी.

विसाव्या दिवशी असेल, वाटी फिरवता फिरवता म्हणाल्या, "पोरी, बाळ रडतंय आन् तू भिंतीकडं काय बघत्यास?" मला जे रडू आलं ते थांबेचना. घरात सगळे म्हणायचे एवढ्या नवसानं झालंय, आता रडायला काय झालं, दूध आटेल. मलाही तेच वाटायचं हो, एवढी इंजेक्शनं टोचून घेऊन बाळ मिळालं, आता कुठल्या तोंडानं सांगू की मला काहीच वाटत नाही? मावशी आत जाऊन आईला म्हणाल्या, "वैनी, ह्ये आंगाचं दुखणं न्हाई, माझ्या तेलानं जायचं न्हाई. डॉक्टरला दावा."

डॉक्टरांनी एडिनबरा स्केलचा, म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायचा 10 प्रश्नांचा कागद भरून घेतला, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात, जितके जास्त तितका त्रास जास्त, मला 30 पैकी 17 आले. पहिले काही दिवस रडू येणं बऱ्याच जणींना होतं पण दोन आठवड्यांत ते ओसरतं, तुझं त्याच्या पुढं गेलंय म्हणाल्या. हिमोग्लोबिन आणि टीएसएच पण केलं, डिलिव्हरीनंतर थायरॉईड बिघडलं तरी असंच होऊ शकतं म्हणे, माझं नॉर्मल आलं. काउन्सेलिंग आणि दूध पाजताना चालणारी गोळी सुरू झाली. एकदा रात्री तीनला 14416 ला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनला फोन लावला, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आयव्हीएफच्या वेळी माझ्या रक्ताचा थेंब न् थेंब तपासला, झोप लागते का एवढं कुणी विचारलं नव्हतं.

एजन्सीला एक स्टार. मावशींना पाच, मिश्रीच्या वासाचा अर्धा कापणार होते पण राहू दे. घ्यायचंच असेल तर ॲडव्हान्स आठवड्याचाच द्या आणि येणारी बाई आधी घरी बोलावून बघा. बाळ आता पाच महिन्यांचं झालंय, मावशी अजून दर रविवारी येतात, एजन्सीला न सांगता.