ॲक्वासेल एजी : भाजलेल्या जखमेसाठी रोज न बदलावे लागणारे ड्रेसिंग

भाजलेल्या रुग्णाला सर्वाधिक धास्ती असते ती ड्रेसिंग बदलण्याची. ॲक्वासेल एजीची खरी किंमत तिथेच कळते, त्यातल्या जंतुनाशक चांदीचा उल्लेख जाहिरातीत कितीही ठळक असला तरी. १९६८ पासून प्रचलित असलेले १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन या चांदीयुक्त जंतुनाशक औषधाचे मलम दिवसातून एकदा-दोनदा धुऊन पुन्हा लावावे लागते, त्याचा पांढुरका थर जखमेवर साचल्याने भाजण्याची खोली नीट दिसत नाही आणि जखम भरण्यासही ते तुलनेने अधिक वेळ घेते.

हे ड्रेसिंग सोडियम कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजच्या तंतूंचे असून त्यात सुमारे १.२ टक्के चांदी असते. जखमेतून पाझरणारा स्राव शोषताच कोरड्या, नमद्यासारख्या पट्टीचे मऊ जेल होते आणि ते जखमेला चिकटून बसते. त्यानंतर बाहेरचे गॉज भिजले, की तेवढेच बदलायचे. आतला थर १४ दिवसांपर्यंत ठेवता येतो. खाली नवी त्वचा येऊ लागली, की कडा आपोआप सुटतात आणि सुटलेला भाग कात्रीने छाटून टाकता येतो. हे पाहताना समाधान वाटते, हे कबूल केले पाहिजे. न सुटलेला भाग मात्र ओढू नये, निर्जंतुक पाण्याने भिजवावा.

मर्यादाही आहेत. हे ड्रेसिंग मुख्यतः त्वचेच्या अर्धवट खोलीपर्यंतच्या जखमांसाठी योग्य ठरते. संपूर्ण जाडी जळालेल्या त्वचेला शस्त्रक्रियेची गरज असते आणि तिथे चांदीवर विसंबून वेळ दवडणे चूक आहे. वाळल्यावर ते ताठर होत असल्याने बोटे व सांध्यांवर हालचालीला अडथळा येतो. शिवाय अपारदर्शक असल्यामुळे जखम पाहता येत नाही. चांदीमुळे जंतुसंसर्ग इतर आधुनिक ड्रेसिंगपेक्षा निश्चितपणे कमी होतो, असे म्हणण्याइतका भक्कम पुरावाही उपलब्ध नाही. चांदीची ॲलर्जी असलेल्यांनी ते अर्थातच टाळावे.

एवढे असूनही, स्वच्छ धुतलेल्या, ताज्या आणि ओलसर जखमेसाठी मी मलमापेक्षा याचीच शिफारस करेन, मात्र ते डॉक्टरांनी जखमेची खोली तपासल्यावरच लावावे. ताप, दुर्गंधी, वाढती वेदना किंवा भोवती पसरणारी लाली दिसल्यास १४ दिवसांचा हिशेब न करता ड्रेसिंग त्याच दिवशी उघडून घ्यावे.