वापरलेले कापडी डायपर: आधी घेतले, वापरले, मग विकले

वापरलेला कापडी डायपर हातात आला की सगळे आधी डाग बघतात. असे डायपर कित्येक महिने बाळाला घालून, धुऊन आणि आता त्यातले बरेचसे पुढे विकून झाल्यावर माझं मत असं की डागांकडे बघूच नका. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग ओलं कापड उन्हात टाकलं की बहुतेक वेळा आपोआप फिका पडतो. नाही पडला तरी शोषण्यात काही फरक पडत नाही. बघायचं ते इलॅस्टिक आणि पीयूएलचा थर.

पीयूएल म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडाला चिकटवलेला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. ओल अडवतो तो हाच. क्लोरीन ब्लीचने किंवा ड्रायरच्या जास्त उष्णतेने तो कापडापासून सुटू लागतो, आणि बाहेरची छापील बाजू मात्र नवीकोरी दिसत राहते. माझ्या गठ्ठ्यातले सगळ्यात देखणे डायपर नेमके असे निघाले. म्हणून डायपर उलटा करायचा, पॉकेट (शोषणारं कापड सरकवायचा कप्पा) असेल तर आत हात घालून चकचकीत बाजू वर काढायची. तिथे फुगे, भेगा किंवा सुटलेले पापुद्रे दिसले की तो डायपर गेला, घरी दुरुस्त होत नाही. विकणाऱ्याने आतल्या बाजूचा फोटो दिला नसेल तर मागून घ्या. टाळाटाळ झाली तर सरळ सोडून द्या.

इलॅस्टिकचं तसं नाही. ताणून सोडल्यावर ते पटकन आखडायला हवं, पण सैल झालं असलं तरी डायपर वाया जात नाही. पुष्कळ पॉकेट डायपरांत इलॅस्टिक फक्त दोन टोकांना शिवलेलं असतं, मधे मोकळं. टोकं उसवून नवं ओवता येतं. दोन्ही मांड्यांचे तुकडे सारख्याच लांबीचे कापा, नाहीतर एका बाजूने गळत राहील. टिचबटणं टिकतात. वेल्क्रोला धुताना दोरे-केस चिकटतात आणि पट्ट्या मुडपतात, त्यामुळे वेल्क्रोवाले मी परत घेणार नाही.

"किती महिने वापरले?" हा प्रश्न सगळे विचारतात, पण त्याचा उपयोग कमी. एकूण किती डायपर फिरवून वापरले हे विचारा. बारा डायपरांत वर्ष काढलं असेल तर प्रत्येक डायपर चोवीसवाल्या घरापेक्षा दुप्पट वेळा धुतला गेलेला असतो. नवजात मापाचे जेमतेम काही आठवडे वापरात राहतात, म्हणून जुन्यांत सगळ्यात चांगला माल तोच. जन्मापासून शी-शू सांगायला लागेपर्यंत चालणारे एकमापी डायपर बाजारात येतात तेव्हा बहुधा थकलेले असतात.

इन्सर्टच्या, म्हणजे डायपरच्या आत घालायच्या शोषक पट्ट्यांच्या, बाबतीत उलट गंमत आहे. सुती, हेम्प किंवा बांबूचे नवे इन्सर्ट काही धुण्यांनंतरच पूर्ण शोषायला लागतात, जुने पहिल्याच दिवसापासून कामाला तयार. मायक्रोफायबर मात्र जुनं घेऊ नका. त्यात साबणाचा आणि जड पाण्यातल्या क्षारांचा थर साचतो, आणि बाळ बसलं की दाबाने शोषलेली शू बाहेर येते. कोरडं असताना वास येत नाही, म्हणून कोमट पाण्यात भिजवून हुंगा. अमोनियाचा भपका आला की समजायचं. शिवाय मायक्रोफायबर थेट त्वचेला लावायचं नसतं, ती कोरडी पडते.

आल्या आल्या मी इन्सर्ट वेगळे करून पातळ केलेल्या ब्लीचमध्ये ठेवले, मग भरपूर पाण्यात खळबळवून पुन्हा धुतले. कव्हर, म्हणजे बाहेरचे पीयूएलवाले भाग, लेबलवर लिहिलंय तेवढ्याच गरम पाण्यात धुतली, ब्लीच नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही घालू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आधीच्या बाळाला बुरशीचं पुरळ झालं होतं का, हेही न लाजता विचारा. फॅब्रिक सॉफ्टनर वापरला होता का तेही. त्याने धाग्यावर थर बसून कापड पाणी घेईनासं होतं.

ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या २००८ च्या अहवालात असं आढळलं होतं की पूर्ण भरलेलं मशीन, बाहेर दोरीवर वाळवणं आणि दुसऱ्या बाळासाठी तेच डायपर वापरणं या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तर कापडी डायपरचा कार्बन-भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. म्हणजे कापडी घेतले की झालं, असं नाही. वाळवणं माझ्या हातात होतं, दुसरं बाळ नव्हतं. विकायला काढण्याचं निम्मं कारण हेच.

विकताना मी इलॅस्टिक ताणलेला, आतला पापुद्रा दिसणारा आणि डागांचा असे तिन्ही फोटो टाकले. डाग दाखवल्याने गिऱ्हाईक पळालं नाही, उलट प्रश्न कमी आले. नवजात मापाचे लगेच गेले, सुती इन्सर्ट त्यांच्यापाठोपाठ. एकमापी डायपर नवं इलॅस्टिक ओवल्यानंतरच गेले. गठ्ठ्यात आलेले मायक्रोफायबरचे इन्सर्ट मी विकायला ठेवलेच नाहीत. त्यांनी फरशी मात्र झकास पुसली जाते.