कोर्ट फी 200 रुपये, आमच्याकडून घेतले 85 हजार

चंदगड, आजरा, गडहिंग्लज या पट्ट्यातल्या कितीतरी बायकांचं माहेर खानापूर, हुक्केरी नाहीतर निपाणीकडचं. 1956 साली मध्ये सीमा आली, पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत आणि वाटणीची भांडणंही. जमीन कर्नाटकात, हिस्सेदार महाराष्ट्रात आणि विश्वासाचा वकील कोल्हापूरचा. अशा दाव्यात तिथल्या कोर्टातला एक स्थानिक वकील सोबत घ्यावा लागतो. आम्हाला गंडा घातला तो याच माणसाने.

कायद्याची तशी आडकाठी नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टचं 30 वं कलम जून 2011 मध्ये लागू झालं. सनद कुठल्याही राज्याची असली तरी वकिलाला देशभर वकिली करता येते. पण खानापूरच्या कोर्टात कामकाज कन्नडमध्ये चालतं, कार्यालयाचे आक्षेप दूर करायचे असतात, समन्सचा पाठपुरावा करायचा असतो. प्रत्येक तारखेला कोल्हापूरहून कोण येणार?

दावा आईचा, तिच्या वडिलांच्या जमिनीतल्या हिश्श्याचा. कोल्हापूरच्या वकिलांनी मसुदा केला. स्थानिक वकील आईच्या नात्यातल्याच एकाने सुचवला. माणूस मराठी फर्डं बोलणारा. "मावशी, तुमचा हिस्सा पदरात घालतो बघा, काळजी सोडा," असं पहिल्याच भेटीत म्हणाला. कन्नड वकिलपत्रावर आईची सही घेतली. फी ठरली, ती वाजवी होती. मग म्हणाला, कोर्ट फी वेगळी, जमिनीच्या बाजारभावावर लागते, 85 हजार होतील.

यातली मखलाशी समजून घ्या. महाराष्ट्रात वाटणीच्या दाव्याला फी किमतीच्या प्रमाणात लागते, त्यामुळे आकडा कोल्हापूरच्या वकिलांनाही खटकला नाही. मूल्यांकनाचा भाग त्यांनी स्थानिक वकिलावर सोडला होता, आणि तशीच रीत आहे. पण कर्नाटकाचा कोर्ट फीचा कायदा वेगळा, 1958 चा. त्याच्या कलम 35(2) प्रमाणे, जमीन एकत्र ताब्यात आहे असं म्हणून वाटणी मागितली, तर फी ठरलेली असते आणि ती जास्तीत जास्त 200 रुपये. हिस्सेदाराला ताब्यातून बाहेर काढलेलं असेल तर मात्र बाजारभावावर लागते. आमचा दावा पहिल्या प्रकारातला. पैसे दिले त्याची पावती म्हणजे कोऱ्या कागदावर त्याचा स्वतःचा शिक्का.

दावा दाखल झाला, हे खरं. पुढे व्हॉट्सॲपवर तारखा येत राहिल्या. "साहेब रजेवर," "समन्स परत आलं," "स्टे लागलाय, आता कुणी विकू शकत नाही." खर्चाला म्हणून मधूनमधून पैसेही जात होते. केस नंबर विचारला की "संध्याकाळी पाठवतो."

मग आईच्या चुलतभावाने एक तुकडा विकल्याचं कानावर आलं. स्टे असताना विक्री कशी? मी 'भूमी' या कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरून पहाणी, म्हणजे तिकडचा सातबारा, काढली. मनाई हुकूम असता तर 11 नंबरच्या रकान्यात त्याची नोंद दिसायला हवी होती. तिथे फक्त सोसायटीचं कर्ज. मग ईकोर्ट्सच्या ॲपवर आईच्या नावाने शोध घेतला. पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की केस सापडते, नंबर लागत नाही. दावा केव्हाच निकाली निघालेला! समन्ससाठीची प्रोसेस फी भरलीच नव्हती, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9, रूल 2 खाली फेटाळलेला. त्यानंतरच्या सगळ्या तारखा त्याच्या मनच्या.

कोर्टातून सही-शिक्क्याच्या नकला काढल्या. दाव्याला जोडलेल्या मूल्यांकनाच्या पानावर, खाली त्याच्याच सहीच्या वर, स्वच्छ लिहिलं होतं: कलम 35(2), रुपये 200. मनाई हुकुमाचा अर्ज त्या फायलीत कुठेच नव्हता. तो कागद पुढे ठेवल्यावर म्हणाला, "बाकीचे वरच्या खर्चाला गेले." वरचा म्हणजे कुठला, हे मात्र सांगेना.

पैशांपेक्षा मोठं नुकसान दुसरंच आहे. दावा चालू असताना विक्री झाली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 52 आपल्या बाजूने असतं, घेणाराही निकालाला बांधलेला राहतो. आमची विक्री दावा फेटाळल्यानंतरची. नवा दावा लावता येतो, पण मधल्या काळातल्या विक्रीला तो कलम 52 मध्ये ओढू शकत नाही. म्हणून आमचे वकील जुनाच दावा पुन्हा उघडण्याच्या मागे आहेत. त्याची मुदत 30 दिवसांची, ती कधीच उलटली, त्यामुळे विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागला.

वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाण्याचा विचार असेल तर सोडा. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्यातून बाहेर ठेवली. आपल्या हातात राहते ती ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खालची तक्रार, त्याची सनद ज्या राज्याची त्या बार कौन्सिलकडे, म्हणजे आमच्या बाबतीत बेंगळुरूला. आणि फी राहिलीय म्हणून तो फाईल अडवत असेल तर ऐकू नका. वकिलाला पक्षकाराचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलंय.

स्थानिक वकील घ्यावाच लागतो, आणि खानापुरात सरळ माणसंही आहेत. आताचा वकील त्यांच्यातलाच. अर्ज दाखल झाला त्याच दिवशी त्याने सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ऑनलाइन ओळख क्रमांक, आणि फी भरल्याची ऑनलाइन पावती पाठवली. तो 16 अक्षरांचा नंबर आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. तारीख आली की वकिलाच्या आधी तीच मला फोन करायला सांगते.