तिप्पट मापाचा ३२ दातांचा संच: दाढा चोख, सुळे आखूड

बीडीएसच्या (दंतवैद्यकीच्या पदवीच्या) पहिल्या वर्षात डेंटल अ‍ॅनाटॉमीचं प्रॅक्टिकल सुरू झालं की बेळगावच्या नेहरूनगरकडच्या दुकानांत दातांच्या मॉडेलची खोकी पुढे येऊन बसतात. त्यांतल्या निळ्या झाकणाच्या खोक्याबद्दल हे लिहिणं आहे. आत कायमच्या दातांचे, खऱ्याच्या तिप्पट मापाचे ३२ सुटे नमुने, वाढीचे टप्पे दाखवणारी एक पाटी, दात येण्याच्या वयाचा तक्ता, मेणाच्या सहा वड्या आणि एक कार्व्हर, म्हणजे मेण कोरायचा चाकू. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. दाढांसाठी पैसे वसूल होतात. सुळे आणि वरची पहिली उपदाढ (सुळा आणि दाढ यांच्यामधला दात) बघून शिकलात तर व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडकाल.

असा संच चकाकीवरून निवडू नये. उजवा दात कुठला, डावा कुठला, मधल्या रेषेकडची (मेझियल) बाजू कुठली आणि मागची (डिस्टल) कुठली, हे नंबर न बघता नुसत्या आकारावरून ओळखता आलं पाहिजे. स्वस्त मॉडेल बहुधा इथेच मार खातात. एकच साचा दोन्ही बाजूंना वापरतात आणि स्टिकर तेवढं बदलतात. दुसरी परीक्षा मापाची. व्हर्नियर कॅलिपर घ्या, पुस्तकातलं सरासरी माप तीनने गुणा आणि ताडून बघा. वरचा मधला पटाशीचा दात घेऊ. क्राउन, म्हणजे मुळावरचा भाग, १०.५ मिलिमीटर, मूळ १३, मेझियल-डिस्टल रुंदी ८.५. म्हणजे मॉडेल ७०.५ मिलिमीटर लांब आणि २५.५ रुंद हवं. या संचात ते बरोबर उतरतं. हिरडीपाशी इनॅमल (बाहेरचा कठीण थर) संपतं ती सर्व्हायकल रेषसुद्धा नीट वळवली आहे. याच दातावर ती मेझियल बाजूला साडेतीन मिलिमीटर वर चढते, डिस्टलला अडीच. तिप्पट मापात हा फरक तीन मिलिमीटरचा होतो आणि बोटालाही कळतो.

सुळ्यांचं मात्र बिनसलं आहे. वरच्या सुळ्याचं क्राउन १० आणि मूळ १७, एकूण २७ मिलिमीटर. तिप्पट केलं की ८१. संचातला सुळा भरतो ७५, आणि कमी पडलेले सहाच्या सहा मिलिमीटर मुळातले आहेत. खालच्या सुळ्याचीही तीच गत. खोकं उघडून बघितलं की कारण लगेच कळतं: फोममधले पुढच्या दातांचे खड्डे ७६ मिलिमीटरचे आहेत, त्यात ८१ बसणार कसे? खड्ड्यासाठी दात कापला! सुळ्याचं मूळ तोंडातलं सगळ्यात लांब. त्याच्यामुळे जबड्याच्या हाडावर बाहेरून उंचवटा दिसतो, आणि सुळा म्हातारपणापर्यंत टिकतो त्यात या लांबीचा वाटा मोठा आहे. मॉडेलमध्ये तो पटाशीच्या दातापेक्षा जेमतेम साडेचार मिलिमीटरने लांब दिसत असेल, तर शिकायची मुख्य गोष्टच निसटली.

आता दाढा. इथे कारागीर जाणता असावा. वरच्या पहिल्या दाढेचा चावायचा पृष्ठभाग वरून बघा, तिरका चौकोन स्पष्ट दिसतो. चार कस्पांत (चावायच्या टोकांत) मेझियो-लिंग्वल (पुढचा, आतल्या बाजूचा) सगळ्यात मोठा आणि डिस्टो-लिंग्वल (मागचा, आतल्या बाजूचा) सगळ्यात लहान, तेही प्रमाणात. मेझियो-लिंग्वल कस्पावरून निघून डिस्टो-बकल (मागच्या, गालाकडच्या) कस्पाकडे जाणारी ऑब्लिक रिज, म्हणजे तिरकी कड, ठसठशीत उतरली आहे. बऱ्याच मॉडेलांत ती मधल्या खाचेने तुटलेली असते, इथे अखंड आहे. मेझियो-लिंग्वल कस्पाच्या टाळूकडच्या अंगाला कॅराबेलीचा छोटा उंचवटाही दिला आहे. तो प्रत्येक माणसात नसतो, पण शिकायला असलेला बरा. मुळं तीन, त्यांत टाळूकडचं लांब.

वरची दाढ की खालची, हे ओळखायला मापाचा सोपा ठोकताळा आहे. वरच्या पहिल्या दाढेची गालाकडून टाळूकडची रुंदी ११ मिलिमीटर आणि पुढून मागची १०. खालच्या पहिल्या दाढेत उलट: पुढून मागे ११, गालाकडून जिभेकडे साडेदहा. संचात हे आकडे अनुक्रमे ३३, ३० आणि ३३, ३१.५ च्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहेत. खालच्या पहिल्या दाढेवर पाच कस्प, त्यांतले तीन गालाच्या बाजूला. पाचवा, डिस्टल कस्प, सगळ्यात छोटा, आणि तो ज्या टोकाला तिकडे मागची बाजू. गालाची बाजू तीन कस्पांवरून कळली आणि मागची या एका कस्पावरून, की डावं-उजवं ठरवायला मुळाकडे बघायचीही गरज नाही. दुसऱ्या दाढेवर चारच कस्प आणि खाचांची अधिकच्या चिन्हासारखी फुली, हाही फरक पाळला आहे.

चार दात उभे चिरून चुंबकाने जोडले आहेत, आतली पल्पची (दातातल्या मऊ गाभ्याची) पोकळी लाल रंगात. खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या चपट्या मुळात दोन कॅनॉल (पल्पच्या नळ्या) आणि मागच्या मुळात एक, हे बरोबर. वरच्या पहिल्या दाढेत तीनच दाखवले आहेत. खऱ्या दातांत मेझियो-बकल मुळात दुसरा कॅनॉल बऱ्याचदा सापडतो, आणि तो न सापडल्याने रूट कॅनॉल फसतो. पहिल्या वर्षाला तीन चालतील, पण तिसऱ्या वर्षापर्यंत हेच मॉडेल वापरणाऱ्यांनी चौथा मनात धरून ठेवावा.

वरच्या पहिल्या उपदाढेत चूक बारीक आहे, पण व्हायव्हात नेमकी तीच विचारतात. सुळ्याच्या टोकाची मेझियल उतरण आखूड आणि डिस्टल लांब असते. या उपदाढेच्या बकल कस्पात हे उलटं असतं, मेझियल उतरण लांब. संच बनवणाऱ्याने सुळ्याचाच कित्ता गिरवला आहे. दोन मुळं दाखवली आहेत, ते ठीक. पण मेझियल बाजूला क्राउनपासून मुळावर उतरत जाणारा खोलगट भाग अगदी उथळ ठेवला आहे. पुढे याच खोलगटात प्लाक (जंतूंचा चिकट थर) साठतो, स्केलरचं (दात खरवडून साफ करायच्या हत्याराचं) टोक नीट पोचत नाही आणि फिलिंग भरताना दाताभोवती लावायची मॅट्रिक्स पट्टी तिथे चिकटून बसत नाही. खालची पहिली उपदाढ मात्र छान जमली आहे: जिभेकडे झुकलेलं क्राउन, नावापुरता लिंग्वल कस्प आणि मेझियो-लिंग्वल खाच, तिन्ही खुणा जागेवर.

खालचे पटाशीचे दात एकाच साच्यातले वाटतात. मधला दात दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे तो खपून जातो. बाजूचा किंचित रुंद हवा आणि वरून बघितल्यावर त्याची कड मुळाच्या अक्षावर जराशी मागे वळलेली दिसायला हवी. हा पीळ संचात नाही.

वाढीची पाटी आणि तक्ता एकाच पाकिटात येतात, पण दोन वेगळ्या माणसांनी केल्यासारखे आहेत. पाटी चांगली. बड (कळी), कॅप (टोपी), बेल (घंटा) हे टप्पे ओळीने, आणि बेलनंतरच्या कापात डेंटिनचा (इनॅमलखालच्या भागाचा) थर आधी, त्यावर इनॅमल, हा क्रम रंगांनी दाखवला आहे. डेंटिन टेकल्याशिवाय इनॅमलच्या पेशी कामाला लागत नाहीत, हे मुलांना नुसतं वाचून कळत नाही, इथे दिसतं. डेंटल पॅपिलापासून (दाताच्या कोंबातल्या आतल्या पेशींपासून) पल्प आणि डेंटिन, फॉलिकलपासून (कोंबाभोवतीच्या पिशवीपासून) सिमेंटम (मुळावरचा थर), दात धरून ठेवणारे तंतू आणि भोवतीचं हाड, हेही वेगळ्या छटांत आहे. हर्टविगच्या (मूळ घडवणाऱ्या पेशींच्या) आवरणातून जिभेसारखे पदर आत वाढून एका बुंध्याची दोन किंवा तीन मुळं कशी होतात, यासाठी एक छोटा कप्पाच दिला आहे. ही पाटी सुटी विकत मिळाली असती तरी घ्यावी अशी.

तक्त्यात दुधाच्या दुसऱ्या दाढेवरून कायमच्या पहिल्या दाढेकडे बाण काढला आहे. हे साफ चूक. दुधाच्या दोन्ही दाढांच्या जागी उपदाढा येतात. कायमच्या दाढांना दुधाचा पूर्वज नसतो, त्या दुधाच्या रांगेच्या मागे नव्या जागेत उगवतात. ३२ पैकी २० दात जुन्यांच्या जागी येतात, १२ नव्याने. हा बाण नुसता परीक्षेतले मार्क घालवत नाही. सहाव्या-सातव्या वर्षी मागे आलेली दाढ ‘दुधाची आहे, पडेलच’ म्हणून किडू देणारे पालक खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळीकडे भेटतात. दंतवैद्य होऊ घातलेल्याच्या तक्त्यात तोच गैरसमज छापलेला असावा, म्हणजे कहरच.

त्याच तक्त्यात दोन्ही जबड्यांना एकच क्रम दिला आहे. खाली सुळा नवव्या-दहाव्या वर्षी, उपदाढांच्या आधी येतो. वर पहिली उपदाढ दहा-अकराला, दुसरी दहा ते बाराला आणि सुळा अकरा-बाराला. उशिरा येणाऱ्या या सुळ्याला जागा उरली नाही की तो वर, बाहेरच्या अंगाला निघतो. पेनने दुरुस्त करून घ्या (मधल्या पटाशीच्या दातापासून मागे मोजलेले नंबर): वर ६, १, २, ४, ५, ३, ७ आणि खाली ६, १, २, ३, ४, ५, ७. मूळ पूर्ण व्हायला दात दिसल्यानंतर साधारण तीन वर्षं लागतात, हे तक्त्यात कुठेच नाही. पहिली दाढ सहाला दिसते, पण तिची मुळं नऊ-दहाला बंद होतात. वरच्या सुळ्याचं मूळ तेरा ते पंधराला.

मेणाच्या वड्यांचं गणित कंपनीने केलेलंच नाही. वडी २५ बाय २५ बाय ७५ मिलिमीटरची. तिप्पट मापाची वरची दाढ ३३ रुंद, ती त्यात मावणार नाही. पटाशीचा दातसुद्धा अर्ध्या मिलिमीटरने बाहेर जातो. तेव्हा कोरीवकाम दुप्पट मापात करा, म्हणजे मॉडेलवरचं प्रत्येक माप भागिले दीड. पटाशीचा दात १७ बाय १४ बाय ४७ होतो, आरामात बसतो. आधी समोरून दिसणारी आकृती वडीवर आखायची, मेझियल आणि डिस्टल बाजूचं जादा मेण काढायचं, मग बाजूची आकृती आखून पुढचं-मागचं काढायचं. प्रत्येक वेळी रेषेबाहेर एक मिलिमीटर राखायचा आणि गोलाई शेवटी द्यायची. घाई करणारे सर्व्हायकल रेषेपाशी आधी खोल चीर देतात, आणि क्राउन व मूळ तिथेच दोन तुकडे होऊन हातात येतात. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या सकाळच्या थंडीत हे मेण मांड्याच्या पापुद्र्यांसारखं सुटतं. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून, पुसून मगच चाकू लावा. एप्रिलमध्ये उलट त्रास, रिजची धार बोटाच्या उबेने बसते. कार्व्हरला धार नाही, वेगळा लेक्रॉन (मेण कोरायचं धारदार हत्यार) घ्यावाच लागेल.

खरे काढलेले दात मिळाले तर कुठलंही मॉडेल त्यांच्यापुढे फिकं, पण पटाशीचे आणि दाढा मिळतात, सुळे दुर्मीळ. ते तोंडातून शेवटी निघतात. शिवाय दात किडलेले, झिजलेले असतात, आणि तंबाखू खाणाऱ्याचे असले तर डागाळलेलेही. घेतलेच तर निर्जंतुक केल्याशिवाय हात लावू नये. चांदीचं फिलिंग नसेल तर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेचं यंत्र), असेल तर ऑटोक्लेव्ह अजिबात नको, फिलिंगमधल्या पाऱ्याची वाफ होते. असे फिलिंगचे दात १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये दोन आठवडे ठेवा.

दुकानातून उठण्यापूर्वी ३३ (खालचा डावा) आणि ४३ (खालचा उजवा) हे दोन सुळे बाहेर काढा. काही खोक्यांत त्यांचे स्टिकर अदलाबदल झालेले असतात. खालच्या सुळ्याची मेझियल कड मुळाशी जवळजवळ सरळ रेषेत असते आणि डिस्टल उतरण लांब, त्यावरून खात्री करा. चिरलेल्या चारही दातांचे चुंबक धरतात का बघा. सीनियरकडून जुना संच घेत असाल तर सर्व्हायकल रेषेचा रंग तपासा, तो घामाच्या हातांनी सहा-आठ महिन्यांत जातो. दोघांत मिळून एक घ्यायला हरकत नाही, मेणाच्या जादा वड्या सुट्या मिळतात. तक्ता मात्र दुरुस्त करूनच जोडीदाराला द्या.